वाघिणीने परत दिलेले पोर

फार पूर्वी शोणवती नगरीत महीधर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नगरापासून दूर, डोंगराच्या रानात, एका वाघिणीच्या पोटी जन्म घेतला. त्याच वेतात त्याला एक भाऊ आणि एक बहीण झाली.

त्या वाघिणीचे नाव पिंगला. डोंगराच्या पायथ्याशी नदीचे खोरे होते. तिथे पाणी बारमाही, गवत कमरेइतके, आणि चितळांचे कळप पाण्यावर येत. पण त्या खोऱ्यावर एका दांडग्या वाघाची सत्ता होती, आणि तो दुसऱ्याच्या बछड्यांना जिवंत ठेवत नसे. पिंगलेचे आधीचे वेत त्यानेच संपवले होते. म्हणून या खेपेला पोट जड होताच ती खोरे सोडून वरच्या उघड्या डोंगरावर आली. तिथे सावज थोडे, पाणी एका कुंडापुरते, आणि उन्हाळ्यात खडक तव्यासारखा तापे. पण कड्याखाली एक अरुंद कपार होती आणि तिच्या तोंडावर करवंदीची दाट जाळी होती. पिंगलेला तेवढे पुरेसे वाटले.

बछडे जन्मले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि पाय अंग पेलत नव्हते. सुरुवातीचे काही दिवस पिंगला कपारीतून हललीच नाही. ती त्यांना चाटून कोरडे करी, पोटाशी घेई, त्यांची घाणही स्वतःच्या जिभेने साफ करी, म्हणजे वास बाहेर जाऊ नये. तिची स्वतःची कूस खपाटीला गेली तेव्हा कुठे ती बाहेर पडली, आणि परतताना वेगळ्या वाटेने आली. एकदा जाळीपाशी तरसाचा माग दिसला. त्याच संध्याकाळी तिने एकेकाची मानगूट दातांत अलगद धरून तिघांना कड्याच्या दुसऱ्या अंगाच्या कपारीत नेले. एकाला नेताना दोघे मागे राहत. त्या फेऱ्या संपेपर्यंत तिचा जीव दोन्हीकडे ओढला जात होता. माग विरल्यावर तिने त्यांना तसेच परत आणले, कारण दुसऱ्या कपारीला आडोसा नव्हता.

डोळे उघडल्यावर तिघांचे स्वभाव दिसू लागले. धाकटा भाऊ हावरा होता. दूध पिताना तो दोघांना ढकलून देई. बहीण खेळकर. आईच्या शेपटीचे टोक हलले की ती त्यावर झेप घेई, आणि पिंगला झोपेत असल्याचे सोंग करून शेपूट हलवीत राही. बोधिसत्त्व गप्प असे. आई बाहेरून आली की तो आधी तिच्या तोंडाकडे पाही आणि मग दुधाकडे वळे.

पिंगलेने त्यांना जे शिकवले त्यात सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवली. ती नसताना आवाज करायचा नाही. पावले वाजली, फांदी मोडली, काही झाले तरी नाही. ती येईल तेव्हा नाकातून हलके फुरफुरेल. तो आवाज ऐकला की बाहेर यायचे, त्याआधी नाही. हे तिने त्यांना चापट मारून शिकवले, कारण चापटीवाचून ते शिकण्यासारखे नव्हते.

दुधाबरोबर मांस द्यायची वेळ आली तेव्हा तिने एक भेकराचे पाडस आणले आणि त्याचे पोट फाडून बछड्यांपुढे ठेवले. दोघे तुटून पडले. बोधिसत्त्वाने पाडस हुंगले आणि विचारले, "आई, याला आई होती का?"

"होती."

"ती आता काय करत असेल?"

पिंगलेने पाडस पंजाने त्याच्याकडे सरकवले. मग म्हणाली, "खा. भुकेला आईबाप नसतात."

बोधिसत्त्वाने खाल्ले, कारण तो वाघाच्या जन्माला आला होता. पण त्या दिवसानंतर भावंडे उरलेल्या हाडांशी आणि कातड्याशी खेळू लागली की तो त्यांच्यात जात नसे.

त्याच सुमारास नगरीत महीधर राजाला पुष्कळ वाट पाहिल्यावर पुत्र झाला होता. उष्टावणाच्या दिवशी युवराजाच्या आसनाच्या दोन्ही बाजूंना वाघाचे दोन जिवंत बछडे बांधलेले असावेत, अशी राजाची इच्छा झाली. रानाच्या कडेला निषादांचा एक पाडा होता. राजाच्या माणसांनी तिथे येऊन सांगितले की बछडे आणून द्या. नाहीतर पाड्यातले सगळे धडधाकट पुरुष तटाच्या बांधकामावर वेठीला नेले जातील. त्या कामावर गेलेली माणसे क्वचितच परत येत. पाड्यात शबल नावाचा व्याध होता. माग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची बायको कुवली नुकतीच बाळंत झाली होती. शबलच्या मनात वाघिणीविषयी वैर नव्हते. त्याने बायकोकडे पाहिले, पोराकडे पाहिले, आणि जाळे खांद्यावर टाकले.

उन्हाळा चढू लागला होता. डोंगरावरचे सावज पाण्यामागे खाली उतरले होते, आणि पिंगलेला शिकारीसाठी दोन टेकड्या ओलांडून जावे लागे. एके दिवशी ती परतली तेव्हा ऊन कलले होते. तोंडात रानडुकराचे पिल्लू होते. कपारीपासून थोड्या अंतरावर थांबून ती नेहमीसारखी फुरफुरली. कोणी बाहेर आले नाही. करवंदीची एक फांदी मोडून लोंबत होती. कपारीत बछडे नव्हते. माणसाच्या घामाचा, धुराचा आणि अंबाडीच्या दोराचा वास होता. तोंडातले पिल्लू केव्हा गळून पडले ते तिला कळले नाही.

ती पुन्हा फुरफुरली, तेव्हा कुंडाकडच्या दगडांमागून बोधिसत्त्व पोटावर सरपटत बाहेर आला.

त्याने आईला सगळे सांगितले. तहान लागली म्हणून तो कुंडावर उतरला होता. वर येताना त्याला कपारीपाशी माणसे दिसली, आणि तो होता तिथेच दगडाला चिकटून बसला. माणसांनी जाळीवर जाळे टाकले. भावाने एकाचा हात फोडला. बहिणीला आधी तो खेळ वाटला. टोपलीवर झाकण बांधले तेव्हा ती ओरडू लागली. दोन बछडे मिळाल्यावर माणसे तिसऱ्याला शोधत थांबली नाहीत.

पिंगलेने विचारले, "तू मला हाक का मारली नाहीस?"

"तू आल्याशिवाय आवाज करायचा नाही, असं तूच सांगितलं होतंस," तो म्हणाला.

पिंगलेचा पंजा वर गेला आणि तसाच खाली आला. तिच्या शिकवणीने एकाला वाचवले होते, आणि त्याच शिकवणीमुळे बाकीच्या दोघांच्या मदतीला कोणी आले नव्हते. हा हिशेब तिला कुठूनही मांडला तरी सुटेना. तिने बोधिसत्त्वाला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगले, आणि मग कड्यावर चढून ती जी डरकाळी फोडू लागली ती थांबलीच नाही. पाड्यातल्या लोकांनी दारे लावून घेतली.

माग पाड्यापर्यंत जात होता, आणि पाड्यापासून पुढे बैलगाडीच्या चाकोरीने उघड्या शेतांतून नगरीकडे. तिथे लपायला झाड नव्हते, झुडूप नव्हते. पिंगला शेतांच्या कडेपर्यंत जाई आणि परत येई. तिघांचे दूध आता एकाच्या वाट्याला होते. तिची आचळे दगडासारखी कडक झाली आणि ठणकू लागली. आईचा ठणका कमी व्हावा म्हणून बोधिसत्त्व भूक नसतानाही पीत राही, आणि मग पोट फुगून कण्हत पडे. पिंगला खात नव्हती. रानातल्या प्राण्यांना कळेना की ही वाघीण शेजारून जाते आणि आपल्याकडे पाहत का नाही.

मोहाची फुले गळायला लागली तेव्हा पाड्यातल्या बाया सकाळी टोपल्या घेऊन रानात येऊ लागल्या. कुवलीही आली. तिने पोराला जुन्या धोतराच्या झोळीत निजवून झोळी खालच्या फांदीला टांगली आणि ती फुले वेचत पुढे सरकत गेली. पिंगला जवळच एका जाळीत पडून होती. वारा फिरला आणि झोळीचा वास तिच्या नाकाशी आला. कपारीत जो घाम होता तोच त्या धोतरात होता.

तिला काय करायचे ते ठरवावे लागले नाही. ती उठली, एका झेपेत झाडापाशी आली, आणि झोळीची गाठ फाडून कापडासकट पोर दातांत धरून निघून गेली. बाया किंचाळल्या. कुवली मागे धावली, ठेचकाळून पडली, आणि पुन्हा धावू लागली.

कपारीपाशी पिंगलेने पोर खाली टाकले. ते कापडात गुंडाळलेले होते आणि रडत होते. तिने त्याच्या छातीवर पंजा ठेवला. बोधिसत्त्व आतून बाहेर आला. त्याने पोराकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि तो पोराला अंग लावून आडवा झाला, इतका जवळ की पंजा दाबला असता तर तो त्याच्यावरही पडला असता.

"बाजूला हो," पिंगला म्हणाली.

"आई, याला मारल्यावर ते दोघे परत येतील?"

"नाही."

"मग का मारतेस?"

"त्याच्या आईला कळावं म्हणून."

बोधिसत्त्व म्हणाला, "तिला कळलं आहे. ऐक."

खालच्या उतारावरून कुवलीचा आवाज येत होता. ती पोराला नावाने हाक मारीत नव्हती, कोणाला मदतीला बोलावीत नव्हती. नुसता आवाज होता, आणि तो थांबत नव्हता. पिंगलेने कान टवकारले. असा आवाज तिने याच डोंगरावर ऐकला होता, आणि तो तिच्याच गळ्यातून निघाला होता.

पोर भुकेने कळवळून रडू लागले. त्या रडण्यासरशी पिंगलेच्या आचळांतून दूध आपोआप पाझरू लागले आणि खडकावर ठिबकले. तिला आपल्याच देहाची चीड आली. आपली पोरे नाहीत आणि दूध मात्र कोणाच्याही रडण्याला ओ देते. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग तिने पंजा उचलला, आपल्या बछड्यांना धरावे तसे त्या पोराच्या गुंडाळीला मानेपाशी अलगद धरले, आणि ती डोंगर उतरू लागली.

तोवर मोहाच्या झाडांपाशी पाड्यातले पुरुष जमले होते. वाघीण समोरून येताना पाहून सगळे जागच्या जागी थिजले. पिंगला कुवलीच्या पुढ्यात, थोडे अंतर राखून थांबली. तिने पोर खाली ठेवले. पालापाचोळ्यावर ठेवले, दगडावर नाही. मग ती मागे सरली आणि वळली. ती वळताच शबलने भाला फेकला. कुवली "नको" म्हणेपर्यंत तो सुटलेला होता. भाला पिंगलेच्या मागच्या मांडीत शिरला. तिने मागे वळूनही पाहिले नाही. भाला ओढत, झाडांना आपटत ती वर गेली, आणि पुढे दात लावून लावून बोधिसत्त्वाने तो बाहेर काढला. जखम भरली, पण पाय परत पहिल्यासारखा झाला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर कुवलीने पोराचे अंग उघडून पाहिले. कुठे दाताचा ओरखडासुद्धा नव्हता. ती नवऱ्याला म्हणाली, "तिनं आपलं पोर आणून दिलं, आणि तुम्ही तिला भाला मारलात."

शबल म्हणाला, "वाघीण ती. मला काय ठाऊक?"

"ती त्याला कसं खाली ठेवत होती ते मी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. तिची पोरं तिला आणून द्या."

"ती आता राजाची झाली."

"मग राजाकडे मागा."

शबल नगरीत गेला. राजवाड्याच्या दारात कितीतरी दिवस बसल्यावर त्याला वाघांच्या राखणदाराकडून कळले की नर बछडा उष्टावणाच्या आधीच मेला. त्याने अन्नाला तोंड लावले नाही. ताटलीत कितीही घातले तरी तो कोपऱ्यात तोंड करून बसे. मादी चांगली होती. ती दूधभात खाई, गळ्यात घुंगरांचा पट्टा घालून युवराजाशी खेळे. शबलने राजापुढे हात जोडून मागणी केली तेव्हा राजा हसला. वाघिणीने तुला वकील करून पाठवले काय, असे त्याने विचारले, आणि सभाही हसली. शबल परत आला. पुढच्या वर्षी कुवलीने त्याला पुन्हा पाठवले, आणि तो पुन्हा तसाच परत आला.

इकडे डोंगरावर पिंगलेला झेप घेता येत नव्हती. मागचा पाय अंगाला रेटा देत नव्हता. झेपेशिवाय वाघ म्हणजे भुकेला वाघ. तिने बोधिसत्त्वाला जे शिकवले ते आता पडल्या पडल्या शिकवले. वारा कुठून येतो ते मिशांनी कसे ओळखावे, गवतात पाऊल टाकताना मागचा पंजा पुढच्याच ठशात कसा पडावा, सावजाने मान खाली घातली की हलावे आणि वर केली की दगड व्हावे. करून दाखवायला तिचे अंग उरले नव्हते. तो चुके, सावज निसटे, आणि दोघे उपाशी झोपत. घोरपड, ससा, ओढ्यातले खेकडे, एखादा मोर, यांवर त्यांनी ते दिवस काढले. बोधिसत्त्वाने पहिले सांबर पाडले तेव्हा तो अजून पुरता वाघ झाला नव्हता. त्याने ते ओढत आईपुढे आणून ठेवले. पिंगला खाऊ लागली, आणि खाता खाता थांबून तिने आजूबाजूला पाहिले, जणू आणखी कोणी जेवायला यायचे राहिले आहे.

शबल तिसऱ्यांदा नगरीत गेला त्याच्या आदल्याच दिवशी वाघीण झालेल्या त्या बहिणीने खेळता खेळता युवराजाच्या गालावर नख ओढले होते. रागाने नव्हे, तिच्या खेळण्याला नखे होती, एवढेच. राजाने तिला मारून टाकण्याचा हुकूम दिला होता. दारात हात जोडून बसलेला तोच व्याध पुन्हा आला आहे, असे कोणीतरी सांगितल्यावर राजा वैतागून म्हणाला, "घेऊन जा तिला. इथे पुन्हा दिसू नकोस."

शबलने तिला गाडीतून रानात आणले. कड्याच्या पायथ्याशी पिंजऱ्याचे दार उघडून तो आणि कुवली दूर जाऊन उभी राहिली.

पिंगलेला वास आला होता. हळद, तेल आणि शिजलेल्या भाताचा वास, आणि त्याच्या खाली कुठेतरी खोल आपल्या रक्ताचा. ती लंगडत खाली आली आणि थोड्या अंतरावर थांबून नाकातून फुरफुरली. मुलीने तिच्याकडे पाहिले. तिला तो आवाज ओळखू आला नाही. पिंगला पुन्हा फुरफुरली. मुलगी वळली आणि गाडी ज्या वाटेने आली त्या वाटेकडे तोंड करून बसली. जेवणाची वेळ झाली होती आणि अजून कोणी ताटली आणली नव्हती.

ती एवढी मोठी झाली होती, तरी पिंगलेने तिला बछड्यासारखे पहिल्यापासून शिकवायला घेतले. ती तिला चाटी, तिच्या गळ्यावर पट्ट्याने पडलेला बिनकेसांचा वळ चाटी. बोधिसत्त्व अर्धमेला ससा आणून बहिणीपुढे सोडी. ती त्याच्याशी खेळे आणि तो उठून पळाला की कौतुकाने बघत बसे. माणसाची चाहूल लागली की पिंगला खालच्या आवाजात गुरगुरून तिला जमिनीला चिकटायला सांगे, पण मुलगी उठून उभी राही आणि आवाजाकडे जाऊ लागे. माणूस म्हणजे अन्न, असे तिच्या अंगात मुरले होते. आईने तिला मारले, ढकलले, तिच्या वाटेत आडवी पडली. मुलीला कळत नव्हते की ही लंगडी म्हातारी वाघीण आपल्यावर का चिडते. जे दुधाबरोबर शिकायचे ते दूध आटल्यावर शिकवणे पिंगलेला साधेना. कोणालाच साधले नसते.

सुगीच्या दिवसांत मुलगी एकदा खोऱ्यापलीकडच्या एका गावात गेली. तिथे खळ्यावर मळणी चालू होती. ती खळ्याच्या कडेला आली आणि राजवाड्यात शिकवले होते तशी पुढचे पाय जोडून बसली. लोक ओरडले, पळाले, मग काठ्या, कोयते, भाले घेऊन आले. ती पळाली नाही. माणसापासून पळायचे असते हे आईने तिला सांगितले होते, पण ते उशिरा सांगितले होते. बोधिसत्त्व तिला शोधत शोधत ज्वारीच्या ताटांपर्यंत पोहोचला तेव्हा सगळे संपले होते.

शबलला बातमी कळल्यावर त्याने त्या गावी जाऊन कातडे काढू दिले नाही. त्याने आणि कुवलीने तिला गाडीत घालून आणले आणि कड्याच्या पायथ्याशी खड्डा खणून पुरले. पिंगला वरून पाहत होती. तिने हल्ला केला नाही आणि पाठही फिरवली नाही. ती दोघे काम उरकून, माती दाबून, निघून जाईपर्यंत ती नुसती पाहत राहिली.

त्या थंडीत खोऱ्यातला दांडगा वाघ म्हातारपणाने मेला. एवढे मोठे खोरे रिकामे झाले. बोधिसत्त्व आता भर तारुण्यात होता. त्याच्या वयाच्या वाघाला आईने हाकलून द्यायचे असते, आणि त्याने मागे न बघता जायचे असते. बछडे वाढवण्याचा शेवट तोच. पिंगलेने त्याला सांगितले की जा, खोरे घे, नाहीतर दुसरा कोणी येईल. तो गेला नाही. तिने दात दाखवले, अंगावर धावून गेली, पण तीन पायांची ती धाव पाहून तो तसाच उभा राहिला. थोड्याच दिवसांत पलीकडच्या रानातला एक वाघ आला आणि खोऱ्याचा मालक झाला. बोधिसत्त्व उघड्या डोंगरावर ससे आणि घोरपडी मारत राहिला आणि आईला मऊ मांस तोडून देत राहिला, कारण तिचे दातही आता पडले होते.

शेवटी शेवटी पिंगला कपारीतून उठत नसे. एके सकाळी तिने त्याला जवळ बोलावले आणि जे इतके दिवस विचारले नव्हते ते विचारले.

"ते पोर आपण परत दिलं. त्यानं आपल्याला काय मिळालं?"

बोधिसत्त्वाला आईशी खोटे बोलता आले असते. तिच्या समाधानासाठी तो काहीही सांगू शकला असता. तो म्हणाला, "काही नाही, आई."

"मग का द्यायला लावलंस?"

"आपल्याला काही मिळालं नाही. त्या बाईला मिळालं."

ऊन जाळीतून आत आले आणि तिच्या अंगावरून सरकत गेले. मग ती एवढेच म्हणाली, "त्या बाईचा आवाज त्या दिवशी खालून येत होता, आणि पोर पाहताच तो थांबला, ते मला आठवतं आहे." असे म्हणून तिने डोके त्याच्या पंजावर टेकले. तिचा श्वास थांबला तरी त्याने पंजा काढून घेतला नाही.

ही कथा पुढे बुद्ध झाल्यावर शास्त्यांनी सामला नावाच्या उपासिकेला सांगितली. सुभूत नावाच्या नावाड्याने घाटाच्या अधिकाऱ्याच्या दडपणाखाली नाव गच्च भरली होती. ती पुरात उलटली आणि सामलेची दोन्ही मुले बुडाली. पुढे त्याच सुभूताचे पोर साथीच्या तापाने फणफणले. शेजारी कोणी दाराशी जाईना, तेव्हा सामलेने त्याला मांडीवर घेऊन जगवले. लोकांनी तिला वेडी म्हटले. मग तिलाही तसेच वाटू लागले, आणि तिने विहारात येऊन विचारले, "भंते, याचं मला काय मिळालं?"

कथा सांगून झाल्यावर शास्ते म्हणाले, "त्या वेळचा महीधर राजा म्हणजे आजचा घाटाचा अधिकारी. शबल व्याध तो सुभूत नावाडी, आणि कुवली ती त्याची बायको. तो थोरला बछडा मीच होतो. पिंगला वाघीण तू होतीस. हरवलेले ते दोघे बछडे कोण होते, ते मी सांगायला नको."

सामला उत्तर ऐकायला आली होती, आणि उत्तर तेच होते जे तिला ठाऊक होते. ती रडली नाही. तिने वंदन केले आणि ती घरी गेली. वाटेत सुभूताचे अंगण लागले. तिथे त्याचे पोर मातीत खेळत होते. ती क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

जिच्या पदरात काहीच पडत नाही आणि तरी जी दुसऱ्याचा पदर रिता होऊ देत नाही, तिला मैत्री म्हणतात. वाघाच्या जन्मात बोधिसत्त्वाने मैत्रीची पारमी, म्हणजे त्या गुणाची परिपूर्णता, साधली ती अशी.